काकवीची बाटली

शेवगावातल्या माझ्या लॅबमध्ये गुऱ्हाळवाले कानिफनाथकाका लघवी घेऊन आले, तेही काकवीच्या बाटलीत! बूच चिकट, त्यावर मुंग्या. तपासणीची पट्टी बुडवली, तर लगेच काळपट तपकिरी झाली.

"काका, बाटली धुतली नाहीत ना? पट्टीला काकवीतलंच ग्लुकोज लागलंय!"

"धुतली हुती की. आन् गुळानं शुगर वाढत न्हाई पोरी, साखरंनं वाढती."

"पोटात गेल्यावर दोन्हीतून ग्लुकोजच सुटतं!"

चिडून मी ती बाटली बाहेर फेकली आणि त्यांच्या हातात कोरी डबी कोंबली. ते भरून घेऊन आले. नाक मुरडत मी दुसरी पट्टी बुडवली. तीही काळपट तपकिरी.

टेबलावर राहिलेल्या मुंग्या आता नव्या डबीवर चढत होत्या.