सुतळीने जेवण सोडलं तेव्हा

मित्रांनो, सौदी अरबस्तानातल्या जुबैलच्या उन्हात रस्त्यावर अनवाणी पाय ठेवला तर फोड येतात. अशा गावात माझ्यासारख्याला कुणी विकत घेईल, असं तुम्हाला वाटणार नाही. मी एक जुना हीटिंग पॅड आहे. काळा, चपटा, वहीएवढा. माझ्या पोटात बारीक तारा आहेत आणि वीज आली की त्या तापतात. एवढीच काय ती माझी विद्या.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथून खोक्यात बसून मी शेजारच्या दम्माम शहरातल्या पाळीव प्राण्यांच्या एका दुकानात आलो आणि फळीवर धूळ खात पडलो. शेवटी चारुदत्त नावाच्या इंजिनिअरने मला उचललं, कारण त्याच्या लेकीला, रेवाला, वाढदिवसाला साप हवा होता. होय, साप! नारंगी, बिनविषारी, बोटाएवढा जाड. ती मादी होती, म्हणून रेवाने तिचं नाव सुतळी ठेवलं आणि माझी नेमणूक काचपेटीच्या एका कोपऱ्याखाली झाली.

थंडीभर मी मान मोडून काम केलं. फ्रीजरमधला उंदीर कोमट करून दिला की सुतळी तो गपकन गिळायची आणि माझ्या कोपऱ्यात येऊन वेटोळं घालायची. सापाला अंगची ऊब नसते, बाहेरून मिळाली तरच त्याला अन्न पचतं. "बाबा, पॅड एकदम बेस्ट आहे," असं रेवा म्हणाली तेव्हा मी मनातल्या मनात फुगलो होतो.

मग उन्हाळा आला. रेवाची आई सुखदा इस्पितळात नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स आहे. एके दिवशी ती घामाघूम होऊन घरी आली आणि माझी वायर पाहून म्हणाली, "बाहेर भट्टी पेटलीय आणि इथे हीटर? लाही होईल बिचारीची." तिने माझा प्लग काढला. मायेनेच काढला हो. पण त्या खोलीत एसी दिवसरात्र घरघरत होता. बाहेरचा उन्हाळा आत कधी आलाच नाही.

सुतळीने खाणं सोडलं.

मराठी घरात कुणी जेवत नाही म्हटल्यावर काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहेच. आग्रह सुरू झाला. सकाळी उंदीर, संध्याकाळी उंदीर, चिमट्यात धरून तोंडापुढे नाचवणं. रेवा तिला सारखी हातात घ्यायची. सुखदा लांबूनच म्हणायची, "एवढा एक तरी घे गं बाई, माझ्यासाठी." सुतळी घाबरून आणखी आकसायची. तिच्या पाठीचा कणा वर दिसू लागला. मला सगळं कळत होतं, पण विजेशिवाय मी नुसता प्लास्टिकचा तुकडा. फार वाईट वाटायचं.

"खलास," चारुदत्त एका संध्याकाळी म्हणाला. "तिचे हाल बघवत नाहीत. शुक्रवारी दुकानात परत देऊन येऊ."

"बाबा, नो! ती माझी आहे," म्हणत रेवा ओक्साबोक्शी रडू लागली.

लेकीची समजूत काढायला सुखदा पेटीपाशी आली. सापाला ती कधी हात लावत नसे. त्या दिवशी लावला, निरोप द्यायचा म्हणून. आणि तोच हात तिने पुन्हा सुतळीच्या पाठीवरून फिरवला.

"चारू, किती गार पडलीय ही! अरे, वॉर्डात बाळ दूध ओढेना झालं की आम्ही आधी त्याचे पाय चाचपतो. गारठलेलं बाळ दूध ओढत नाही. आणि मी इथे..." ती जमिनीवर बसून माझा प्लग शोधू लागली.

प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन झाला. ते म्हणाले, "पॅड थर्मोस्टॅटवर लावा, लपायला आडोसा द्या. काही दिवस तिला हात लावू नका, खाणंही पुढे करू नका. कात टाकण्याआधीही साप जेवत नाहीत. एवढं करूनही खाल्लं नाही तर मात्र लगेच घेऊन या."

शुक्रवार आला आणि गेला, दुकानाचं नाव कुणी काढलं नाही. आग्रह न करता गप्प बसणं सुखदाला किती जड गेलं, ते मी पाहिलं आहे.

मग एका दुपारी रेवाने उंदीर बशीत ठेवला आणि सगळे खोलीबाहेर गेले. काचेतून मला सुतळीची सळसळ जाणवली. बऱ्याच वेळाने सुखदाने दार किलकिलं केलं, रिकामी बशी पाहिली आणि तोंडाला ओढणी लावून रडली.

मित्रांनो, माझ्या कडा आता उकलत आल्या आहेत. मोडीत जाण्याआधी एकच मागणं आहे. कुणी ताट दूर सारलं, मग तो साप असो, मांजर असो की तुमचा धाकटा भाऊ, त्याच्यावर चिडू नका. घास कोंबू नका. आधी त्याच्या पाठीवर हात ठेवून बघा. तो गारठलेला असेल.