न चाखता

धुलाईघरात त्याला सगळे कानसेन म्हणत. इस्पितळाच्या चादरी जिथे धुतल्या जात, तिथला बॉयलर तो सांभाळायचा, आणि दाबाच्या काट्याकडे न बघता नुसत्या आवाजावरून वाफ किती चढली ते सांगायचा. एकदा काटाच अडकून बसला, तेव्हा त्याच्या कानांवर अख्खं धुलाईघर चाललं होतं. त्याचा त्याला फार अभिमान होता, आणि तो झाकून ठेवण्याइतका विनय त्याच्या अंगी नव्हता. घरी मात्र अभिमान बाळगण्यासारखं काही नव्हतं. स्वयंपाकघरात तो फक्त पाणी प्यायला जायचा.

स्वयंपाकघर ताईचं. आईवडील लवकर गेले, आणि या थोरल्या बहिणीनेच त्याला वाढवलं. लग्न दोघांनीही केलं नाही, आणि त्याबद्दल विचारणाऱ्यांना दोघंही एकाच सुरात वाटेला लावायची. ताई मांस खात नसे. त्याला बिनमटणाचं ताट म्हणजे शिक्षा. म्हणून ताई दोन पातेली चढवायची, मोठं त्याचं आणि लहान आपलं. लहान पातेल्यात रोज काय शिजतं, हे पन्नाशी उलटली तरी त्याने कधी झाकण उचलून पाहिलं नव्हतं.

मग ताईला झटका आला आणि तिचा उजवा हात लुळा पडला. इस्पितळातून घरी आणून तिची खाट बाहेरच्या खोलीत लावली, तेवढ्यात चुलत बहिणीच्या मुलीचा, त्यांच्या भाचीचा, फोन आला: शनिवारी संध्याकाळी गाडी घेऊन येते, मावशीला माझ्याकडे नेते. ताईने लगेच होकार दिला. तिचं म्हणणं सरळ होतं. याचं तिला चालत नाही, तिचं याला गिळवत नाही. आता दोन पातेली कोण चढवणार?

“एकच चढवू,” तो म्हणाला. “तुझं.”

ताई हसली. अर्ध्याच तोंडाने हसली, आणि ते त्याच्या जिव्हारी लागलं. “चार दिवस काढशील. मग माझ्यापायी मन मारून बसलेलं तुला मला बघावं लागेल. त्यापेक्षा मी गेलेली बरी.”

चांगला बाप्या झाल्यावरही त्याने भोपळ्याच्या भाजीचं ताट सरकवून दिलं होतं, आणि ते तिला आठवत असणारच. पण ताईला जाऊ द्यायचं नव्हतं. तो कामाला लागला.

आधी त्याने मोठ्या पातेल्यातून मटण हद्दपार करायचं ठरवलं. बॉयलरच्या नळ्या घासायचा ब्रश आणून ते असं घासलं, की त्यात तोंड दिसावं. मोठ्या ऐटीत ते ताईसमोर धरलं.

“भांडं निघालं,” ताई म्हणाली. “आता माणसाचं बघ.”

तिच्या सांगण्यावरून त्याने वाटाणे भिजत घातले. खड्यांसारखे वाजणारे कोरडे वाटाणे, डबा गच्च भरून, वर झाकण. सकाळी बघतो तर वाटाणे पाणी पिऊन टम्म फुगले होते आणि झाकण त्यांनी डोक्यावर उचलून धरलं होतं. वाफ लोखंड उचलते, हे त्याने जन्मभर पाहिलं होतं. पण ना आग, ना वाफ, आणि मूठमूठ दाणे अंधारात गुपचूप हे करतात? तो डबा हातात घेऊन बराच वेळ उभाच राहिला. त्या दिवशी त्याला कामावर उशीर झाला.

त्याचा धंदाच त्याला नडला तो कुकरपाशी. कोंडलेली वाफ म्हणजे बॉम्ब, हा त्याचा पहिला धडा. कुकर जरा फुसफुसला की हा गॅस बंद करून वाफ सोडून द्यायचा. वाटाणे जमिनीवर पडले तर उसळी मारतील असे राहिले. ताईने ते डाव्या दाढेने चावून खाल्ले.

तिसऱ्या दिवशी तो कांदा परतत होता. भिंतीपलीकडून आवाज आला, “कांद्याचं पाणी आटलं. टोमॅटो टाक.”

त्याने वाकून पाहिलं. खरंच आटलं होतं.

“तुला कसं कळलं?”

“ऐकू येतंय की.”

मग खाटेवर डोळे मिटून पडल्या पडल्या ती सांगत गेली आणि तो करत गेला. टोमॅटो मऊ झाले, आता पाणी. मीठ घाल. मीठ पडलं की उकळी जरा दबते आणि पुन्हा वर येते. किती दबली ते ऐक. अजून चिमूटभर. त्याने घातलं, चाखलं, आणि त्याच्या अंगावर काटा आला. मीठ नेमकं होतं.

लहानपणी तो याच स्वयंपाकघरात, तेव्हाच्या चुलीपाशी, जमिनीवर पडून अभ्यास करायचा. ज्या कानांचा त्याने आयुष्यभर तोरा मिरवला, ते त्याला इथे, तिच्या पातेल्यांशेजारी मिळाले होते. तो बाहेर येऊन खाटेच्या कडेला टेकला.

“म्हणजे माझं मटण तू कधीच चाखलं नाहीस?”

“खात नाही म्हटल्यावर चाखणार कशी?”

इतकी वर्षं, आणि एकदाही खारट नाही, एकदाही अळणी नाही. तिने मांस का सोडलं, हेही त्याने कधी विचारलं नव्हतं. आता विचारलं. ताईने डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर घेतला. “लहान होते, तेव्हा कोंबडी धरून ठेवायला सांगितलेली. या हातात तिचं काळीज धडधडत होतं. नंतर खाववलंच नाही.”

“मग माझ्यासाठी का शिजवायचीस?”

“तुला आवडायचं,” ताई म्हणाली.

शनिवारी धुलाईघरात निवृत्त होणाऱ्या म्हाताऱ्या फिटरचा निरोपसमारंभ होता. मटण आणलेलं, आणि रांधणारा आयत्या वेळी आजारी. सगळ्यांनी कानसेनला पुढे ढकललं. हल्ली चूल फुंकतोस म्हणे, दाखव कसब. त्याने पातेलं चढवलं. वास सुटला तसं त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, अगदी लाज वाटावी इतकं. कुणीतरी पळी पुढे केली, चाखून बघ म्हणून. त्याने नकारार्थी मान हलवली आणि कान लावला. मीठ टाकलं, उकळी दबली, वर आली. अजून चिमूटभर टाकलं. सगळ्यांना वाढून झाल्यावर आपला वाटाण्याचा डबा उघडला. फिटर बोटं चाटत होता, आणि हा समोरच्या आनंदी तोंडांकडे बघत राहिला. ताई रोज हेच बघत आली होती. त्याला तिच्यापुढे फार लहान वाटलं, आणि फार बरंही वाटलं.

घरी आला तर दारात भाचीची गाडी आणि गाडीत ताईची बॅग. तो खाटेजवळ गेला. ताईने नाक वर केलं.

“मटणाचा वास येतोय शर्टाला.”

“मीच शिजवलं. फिटरला निरोप द्यायचा होता.”

मामाचं काही खरं नाही, असं भाचीच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. ताईने मात्र त्याच्याकडे रोखून पाहिलं.

“चाखलंस?”

“नाही.”

ताईने हळूच विचारलं, “मीठ?”

“बरोबर पडलं म्हणाले.”

ताईचे डोळे भरून आले. तिने ते पुसले नाहीत. भाचीकडे वळून ती म्हणाली, “बॅग आत आण गं. आणि आता जेवूनच जा.”

तो आत गेला. मोठं पातेलं चढवलं, त्यात तिघांपुरते भिजवलेले वाटाणे घातले. उकळी आली तसं मीठ टाकलं आणि हात थांबवून ऐकत उभा राहिला. भिंतीपलीकडे ताईही ऐकत होती. ती काहीच बोलली नाही, तेव्हा त्याने झाकण ठेवलं.