मुखवट्याची गाठ

धाकटीच्या मुखवट्याची दोरी मीच बांधते. मी शिंपीण, माझ्या गाठीवर तिचा भरवसा. आमच्या नाचात मुखवटा चढला की नाचणाऱ्याला कोणी हात लावायचा नाही. बांधणाऱ्याने गाठ सोडली की नाच संपला. गाठ न सोडता मुखवटा निघाला तर नाच अर्धा राहिला असं धरतात, आणि मग तो पुरा होईपर्यंत कोणी जागचं हलत नाही.

मुखवटेवाली समोरच्या पाहुण्याला प्रश्न विचारते. आजवर ते गुळमुळीतच असायचे. पण धाकटी पडली नर्स. गढूळ पाण्याने आजारी पडलेली वस्तीतली पोरं तिच्याच वॉर्डात येतात.

"बाई गं, यंदा पाहुणा मंत्री आहे, त्याला कशाला डिवचतेस?" मी म्हटलं. "नोकरी जाईल, वर बेड्या पडतील."

"ताई, तू दोरी घट्ट बांध. बाकीचं मी बघते."

हट्टात आईच्या वरताण आहे. मी घट्ट बांधली, पण जीव टांगणीला लागला.

मैदानात नाचता नाचता ती मंत्र्यासमोर थांबली आणि पाय आपटून म्हणाली, "वस्तीचं पाणी कारखान्याला कोणी दिलं?"

मंत्री तेव्हा बाटलीतलं पाणी पीत होते. त्यांना ठसका लागला. तिने पुन्हा विचारलं, तेव्हा मागच्या बायकाही पाय आपटू लागल्या. मंत्री तरातरा निघून गेले.

मग फौजदार आला. आमच्याच गल्लीत वाढलेला. त्याने तिला हात लावला नाही, माझ्याकडे वळला.

"मावशी, गाठ सोडा. लोकांना घरी जाऊ द्या."

"आणि हिला?"

त्याने पोलीसगाडीकडे मान केली.

आतून धाकटी धापा टाकत होती. "ताई, गुदमरतंय गं."

मला रडू फुटलं. गाठ सोडली असती तर सगळे मुकाट घरी गेले असते आणि ही एकटी पडली असती. मी कमरेची कात्री काढली आणि दोरी कापली. मुखवटा गळून पडला, गाठ तशीच राहिली.

"मावशी, हे काय केलंत!" फौजदाराचा चेहरा पडला. तरी त्याने तिला गाडीत बसवलं. घामाने निथळत ती माझ्याकडे बघत होती.

मैदानातून कोणी हललं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. मी, जिने जन्मात कधी भाजीवाल्याशीही घासाघीस केली नाही, तो मुखवटा उचलला. दोरी कापलेली, म्हणून दोन्ही हातांनी चेहऱ्यावर धरला. आत तिच्या घामाचा ओलावा होता.

रिकाम्या खुर्चीसमोर जाऊन मी पाय आपटला.

"वस्तीचं पाणी कारखान्याला कोणी दिलं?"