सोवळ्यातला चंबू

माणूस हात उचलतो तेव्हा आधी मनगट वर येतं आणि बोटं त्याच्या मागून. विशालाक्षीआक्कांचं तसं होत नव्हतं. धुतलेलं सोवळं लुगडं काठीच्या टोकावर घेऊन त्या उंच वेळूवर वाळत टाकत होत्या. दंड वर गेला, कोपर वर गेलं, पण उजवा पंजा मनगटापासून खालीच लोंबत राहिला, देठ मोडलेल्या पानासारखा. मग त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट खालून उचलून धरलं आणि लुगडं कसंबसं वेळूवर सरकवलं.

शाळेला निघालेली वेदवती मागच्या दारात उभी राहून पाहत होती.

"कोण, वेदा?" आक्कांनी मागं न वळता विचारलं.

"होय."

"घंटा होईल तुझ्या शाळेची. जा."

कुंभकोणाजवळच्या मेलकावेरीतल्या त्या घरात नणंद-भावजयींचं बोलणं सात वर्षं एवढंच होतं. वेदवती समोरच्या चुलीवर आपला आणि नवऱ्याचा स्वयंपाक करी, आक्का मागच्या खोलीत आपलं सोवळ्यातलं वेगळं शिजवून घेत. दोन चुलींचा धूर तेवढा अंगणात एकत्र होई.

पूर्वी चूल एकच होती, आणि ती आक्कांची होती. बालविधवा होऊन धाकट्या भावाच्या, हयग्रीवरावांच्या आश्रयाला आलेल्या आक्कांनी ते घर स्वयंपाकघरातून चालवलं. मद्रासेला रसायनशास्त्र शिकून आलेली भावजय त्यांनी कौतुकानंच स्वीकारली. "आमची वेदा पाणी कशाचं झालंय ते सांगते, फक्त ते उकळायला ठेवायचं विसरते," असं शेजारणींना सांगून त्या स्वतःच आधी हसत. वेदवतीनं माहेरून आणलेला कथलाचा चंबू त्यांनी सारासाठी ठेवला. या गावात सार कथलाच्या चंबूतच करतात, चव त्यातच उतरते. तो रिकामा निखाऱ्यावर ठेवायचा नाही, हे इथं मुलींना पाढ्यांच्या आधी शिकवतात, कारण कथील बघता बघता वितळतं.

आणि तेच आक्कांच्या हातून झालं. एका दुपारी निखाऱ्यावर रिकामा चंबू राहिला आणि त्याचं बूड राखेत ओघळलं. भावाच्या अन्नावर जगणाऱ्या बाईनं भावजयीच्या माहेरचं भांडं जाळलं, हे बोलायला त्यांची जीभ उचलेना. गल्लीतून जाणाऱ्या एका फिरत्या ओतकाम्याला त्यांनी उरलेला गोळा दिला आणि गुपचूप तसाच चंबू करून घेतला. राखेत गेलेल्या कथलाची तूट त्यानं शिशानं भरून काढली. हे आक्कांना ठाऊक नव्हतं. ठाऊक नसणं हा त्यांचा गुन्हा नव्हताच.

गुन्हा पुढं झाला. वेदवतीचा चार वर्षांचा वरदू सारभाताशिवाय दुसरं काही खात नसे. त्याचं पोट दुखू लागलं, रंग उतरला, मग आकडी आली. वैद्यनाथ डॉक्टरांनी हिरड्यांवरची निळसर रेघ बघून विचारलं होतं, "घरात एखादं नवं भांडं आलंय का?" आक्का म्हणाल्या, "नाही."

वरदू गेला. त्यानंतर भांडी घासताना वेदवतीच्या लक्षात आलं, की चंबूच्या काठावर तिचं नाव कोरलेलं होतं ते नाही. तिनं चंबू शाळेच्या कागदावर घासला आणि पेन्सिलीनं ओढावी तशी करडी रेघ उमटली. शुद्ध कथील अशी रेघ उमटवत नाही. तिनं विचारलं. आक्कांनी सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता. "नदीत टाका तो," वेदवती म्हणाली, आणि त्या संध्याकाळी तिनं समोर वेगळी चूल मांडली. "तिला क्षमा कर गं," असं हयग्रीवराव आधी दर महिन्याला म्हणत, मग दर श्राद्धाला, आणि मग म्हणायचे थांबले. "पाहू," एवढंच ती म्हणायची.

गेल्या वर्षी, बारा वर्षांनी येणाऱ्या महामहाच्या पर्वणीला, तळ्यात बुडी मारून पापं धुवायला अवघा मुलूख कुंभकोणात लोटला. आक्का चालत जाण्याच्या अंतरावर राहत असून गेल्या नाहीत. शेजारणीनं हाक मारली तर म्हणाल्या, "एवढ्या गर्दीत माझं कुठं घेऊन जाऊ?"

वरदू गेल्यानंतर शिशाबद्दल जे मिळेल ते वेदवतीनं वाचून काढलं होतं. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यांचे, रंगाऱ्यांचे पंजे असेच लोंबतात. मार्गळीच्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या, थंडीत आक्कांचा पंजा पहिल्यांदा कललेला दिसला त्याच क्षणी तिला कळलं होतं. एका लक्षणावरून निदान करायचं नसतं, असं तिनं स्वतःला बजावलं. आक्कांच्या सोवळ्याच्या खोलीत पाय टाकून बघता येत नाही, असंही बजावलं. आता तीन महिने उलटून पंगुनीचं, फाल्गुनातलं ऊन तापलं होतं. तिच्याकडे कारणं अजून पुष्कळ होती, आणि एकही खरं नव्हतं.

"आज संध्याकाळी वैद्यनाथ डॉक्टरांना बोलावलंय," ओसरीवर हयग्रीवराव म्हणाले. "काल रहाटाचा दोर आक्काच्या हातून सुटला. पोहऱ्याबरोबर तीच आत जायची."

वेदवती शाळेत गेली. दुपारी वर्गात मुलींना धातूंचे गुणधर्म सांगता सांगता तिनं फळ्यावर अर्धं वाक्य लिहिलं आणि पुढचं काय ते तिला आठवेना. डोकं दुखतंय सांगून ती घरी आली, आणि बाहेरच्या लुगड्यानिशी, पाय न धुता, आक्कांच्या खोलीत शिरली.

"अगं अगं! सोवळं आहे!" आक्का पाटावरून अर्धवट उठल्या.

चुलीवर सार उतू येत होतं. वेदवतीनं पदरानं धरून चंबू खाली उतरवला, सार मोरीत ओतलं आणि चंबूचा काठ चुना दिलेल्या भिंतीवर ओढला. पांढऱ्या भिंतीवर करडी रेघ उमटली.

"नदीत टाकलात ना हा?"

"टाकायलाच गेले होते." आक्का पुन्हा पाटावर बसल्या. त्यांचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. की तो कधीपासूनच तसा होता? "पाण्यात उभी राहिले. मग वाटलं, नदीनं माझं काय खाल्लंय? पोरानं खाल्लं ते मी खाईन."

"सात वर्षं?"

"देवाला घाई नाही. मी म्हातारं हाड. वरदू कोवळा होता."

"आक्का, तुम्हाला कळतंय का, हे काय आहे ते?"

"तू शिकलेली, तुला जास्त कळतं." आक्कांनी तिच्याकडे सरळ पाहिलं, सात वर्षांत पहिल्यांदाच. "तुला कधीपासून कळतंय, वेदा?"

वेदवतीनं चंबू पालथा केला. "मार्गळीपासून."

"बोलली नाहीस."

"नाही."

"बरं केलंस." त्यात टोमणा नव्हता, आणि तेच वेदवतीला सहन झालं नाही. आक्का लोंबता हात मांडीवर सावरून घेत म्हणाल्या, "तुझी क्षमा मागायला मला तोंड नाही. मी मागितलीही नाही."

"आणि द्यायला माझा हात उचलत नाही."

"माझ्यासारखाच," आक्का म्हणाल्या, आणि क्षणभर त्यांच्या तोंडावर ती जुनी, स्वतःच आधी हसणारी बाई येऊन गेली. "आता एक कर. डॉक्टरापुढं गप्प राहा. जशी राहिलीस तशी. माझं अर्ध्यावर आलंय, ते पुरं होऊ दे."

वेदवती चंबू घेऊन बाहेर आली. दुपारभर तो तिच्या चुलीपाशी पडून होता. आकडी आली तेव्हा वरदूच्या मुठी कशा वळल्या होत्या, ते तिला आठवलं. या बाईनं एक शब्द गिळला आणि आपलं पोर गेलं, हे खरं होतं. ते कधीच खोटं होणार नव्हतं. पण मार्गळी ते पंगुनी आपण तोच शब्द गिळून बसलो आहोत, आणि आपल्याला तर भीतीही नव्हती. आपण फक्त वाट पाहत होतो.

संध्याकाळी वैद्यनाथ डॉक्टर आले. "कॉफी चांगली असेल तरच नाडी बघतो," असं तमिळमध्ये म्हणत ते ओसरीवर टेकले, पण आक्का समोर येताच त्यांनी चष्मा पुसला. पंजा उचलून सोडला. हिरड्या पाहिल्या. हे घर त्यांना आठवत होतं.

"अम्मा," ते हळूच म्हणाले, "घरात एखादं नवं भांडं? जुनं, डागलेलं? कशात शिजवता?"

"नाही," आक्का म्हणाल्या. तोच आवाज, तोच शब्द. हयग्रीवरावांनी मान खाली घातली.

वेदवती आत गेली, चंबू घेऊन आली आणि डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवला.

"आहे," ती म्हणाली. "हा शिसं मिसळलेला आहे. यातच माझ्या मुलाचं सार शिजलं आणि यातच आक्का आजवर शिजवून खातात. मला मार्गळीपासून माहीत होतं, मी बोलले नाही."

"वेदा," आक्का पुटपुटल्या, "तुला सांगितलं होतं..."

"तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं नाही." तिचे शब्द वर्गात लिहायला सांगते तसे सुटे, स्पष्ट होते. "मागची चूल मी विझवून आले आहे, आक्का. आज रात्रीपासून तुम्ही माझ्या चुलीवरचं जेवायचं. हात उचलत नसेल तर मी भरवीन."