गोपाल माझ्या पोटात राहिला

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. शिकलेले लोक मला कॉम्प्युटर म्हणतात, दर्यापुरातल्या म्हाताऱ्या मशीन म्हणतात आणि जमुनाबाई मला डबा म्हणते. म्हणोत बापडे. मला कशाचा राग येत नाही. फक्त भंगार म्हणू नका. भंगारात काही नसतं. माझ्यात एक माणूस आहे.

माझा जन्म कुठे झाला ते मला नीट सांगता यायचं नाही. माझा एकेक अवयव एकेका मुलखातून आला. अमरावतीच्या एका दुकानात मला जोडलं, बटण दाबलं आणि मी एकदाच 'टिट्' केलं. एकदा टिट् म्हणजे तब्येत ठणठणीत. जास्त वेळा वाजलो तर समजायचं, दुखणं आहे. माणसासारखं कण्हत बसायची आमच्यात पद्धत नाही.

शफीभाईनं मला चादरीत गुंडाळलं आणि एसटीत मांडीवर घेऊन दर्यापूरला आणलं. बसस्टँडजवळ त्यांचा फोटो स्टुडिओ होता. शफीभाई फोटो काढायचे आणि त्यांची बायको अनीसा माझ्यासमोर बसून ते साफसूफ करायची. शफीभाईची आई कुलसुमबी दारात खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलत बसायची. तिनं पहिल्याच दिवशी माझ्यासाठी लेस लावलेलं कव्हर शिवलं आणि माझ्या काचेच्या पडद्याच्या कोपऱ्याला काळा धागा बांधला. म्हणाली, "बाजाराच्या दिवशी हजार डोळे पडतात याच्यावर." खरंच पडायचे. कापूस विकायला आलेली माणसं मला पाहायला थांबायची. मी छाती फुगवून बसायचो. का नाही फुगवायची? साऱ्या रस्त्यावर मी एकटाच होतो.

तेव्हा लग्नांचं काम फार. चिखलदऱ्याच्या पलीकडे न गेलेल्या नवरानवरीला मी बर्फाच्या डोंगरासमोर उभं करायचो. ते खोटं होतं. पण त्या खोट्यानं कोणाचं वाईट झालं नाही.

मग वर्षं फिरली. कापसाची बोंडं अळीनं आतून खाल्ली. पाऊस यायचा तेव्हा येईना आणि नको तेव्हा येऊन सोयाबीन सडवू लागला. एका मांडवात दोघी बहिणींची लग्नं उरकू लागली. माझ्याकडे दुसरंच काम वाढलं. घरातली बाई पदराखालून जुना लग्नाचा फोटो काढायची आणि बोट ठेवून सांगायची, "ह्या मागचा. टोपीवाल्याच्या खांद्याआडचा." आमच्याकडचा कष्टाचा माणूस जिवंतपणी एकटा कॅमेऱ्यासमोर उभा राहत नाही. त्याला लाज वाटते. मेल्यावर मात्र तेरवीला पाटावर ठेवायला, हार घालायला फोटो लागतो. अनीसा त्याला गर्दीतून कापून काढायची. झाकलेला कान दुसऱ्या कानावरून बनवायची. मग त्याला कोट घालायची. माझ्याकडे एकच काळा कोट होता. साऱ्यांना तोच. त्या कोटात मी इतकी माणसं बसवली की मला त्या कोटाची भीती वाटू लागली.

गोपालला मात्र मी जिवंत पाहिला होता.

तो जमुनाबाईचा एकुलता पोरगा. गाव पूर्णेच्या काठी. घरचं शेत थोडकं, म्हणून दुसऱ्यांच्या शेतात फवारणी करायला जायचा. त्यांच्या गावात एक लग्न झालं, त्याचे फोटो शफीभाईनं काढले. नवरीच्या घरच्यांनी अल्बमसाठी पाहिजे तेवढे निवडून नेले. बाकीचे माझ्या पोटात राहिले. कॅमेऱ्यातले पुढच्या लग्नासाठी पुसून टाकायचे, ही दुकानाची रीत. एका बाजाराच्या दिवशी मायलेक दुकानात डोकावले आणि अनीसानं तो फोटो पडद्यावर लावला. गोपाल पंगतीत वरण वाढतोय. हातात बकेट, पळी वर, आणि कोणी हाक मारली म्हणून मागं वळून खळखळून हसतोय.

"दात पाहा याचे!" जमुनाबाई म्हणाली. "बकेटीतलं वरण सांडून राह्यलं अन् याचं ध्यान भलतीकडंच!"

"माय, मले कुठं मालूम होतं फोटो काहाडून राह्यले म्हणून?"

"काढून देऊ का गोपालभाऊ, कागदावर?" अनीसानं विचारलं.

"राहू द्या भाभी. माह्या सोयरिकीच्या वक्ताले काहाडजा. पोरीवाल्याले दाखवाले होईन."

"हो! पोरगी म्हणीन, नवरा हाय का वाढपी हाय!" जमुनाबाई म्हणाली, आणि कुलसुमबी दारातून इतकी हसली की तिचा पानाचा डबा सांडला.

शफीभाई म्हणाले, "असू दे. मशीनमध्ये आहे तो. कुठं पळून जातो?"

मित्रांनो, हे वाक्य मी फार ऐकलं आहे. मशीनमध्ये आहे. जशी काही मी अमर काया घेऊन आलो होतो!

आता माझ्या दुखण्याचं सांगतो. दर्यापूर खारपाणपट्ट्यात येतं. इथल्या बोअरचं पाणी इतकं खारट की बादलीवर पांढरा थर बसतो. गोडं पाणी नळाला दिवसाआड येतं, ते प्यायचं. कुलरमध्ये गोडं पाणी ओतणाऱ्या बाईला आमच्याकडे उधळी म्हणतात. तेव्हा कुलरला बोअरचंच पाणी. एका उन्हाळ्यात कुलसुमबीनं पाहिलं की सारे कुलरसमोर आणि मी कोपऱ्यात तापतोय.

"अरे शफी," ती कडाडली, "दिवसभर राबते हे मशीन, इसको लू नहीं लगती क्या? तुम्ही हवेत बसा अन् हे भट्टीत! माणसं हाव का कोण?"

शफीभाईनं कुलरचं तोंड माझ्याकडे फिरवलं. दुकानात येणारा प्रत्येक जण म्हणाला, वा, माया असावी तर अशी. मलाही गार वाटलं, खोटं कशाला बोलू? उन्हाळ्यामागून उन्हाळे तो ओला खारा वारा माझ्या बरगड्यांतून गेला. माझं तांबं हिरवं पडलं. कव्हर वरून स्वच्छ होतं, लेस पांढरीशुभ्र होती. आत कोणी पाहिलं नाही.

पुढं पावसाळ्यात एका सकाळी मी तीनदा टिट् केलं आणि पडदा काळाच राहिला. अनीसानं झाकण काढलं, आतली एक पट्टी उपसली, तिचे दात खोडरबरानं घासले आणि परत बसवली. सुरू झालो. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग शफीभाईंना शोध लागला की कुशीत एक थापड मारली की मी चालतो. तेव्हापासून थापड हेच औषध. माझी छोटी बॅटरी संपली, तसा मी रोज सकाळी तारीख विसरू लागलो आणि जन्माच्या वर्षात जाऊन बसू लागलो. त्यावर सारे हसले. म्हाताऱ्याला भ्रम झाला की हसतात, तसेच.

अनीसा म्हणायची, "सगळे फोटो सीडीवर उतरवून ठेवा हो. याचं काही खरं नाही."

शफीभाई म्हणायचे, "पोळा होऊ दे."

पोळा झाला. पोळ्यानंतर गोपाल गेला.

कापसाची पऱ्हाटी त्या वर्षी डोक्याच्या वर वाढली होती. तो दुसऱ्याच्या वावरात फवारत होता, वारा उलटला आणि औषधाचा फवारा त्याच्याच तोंडावर येत राहिला. अर्ध्यावर सोडलं तर मजुरी कोण देतो, म्हणून तो थांबला नाही. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. अमरावतीच्या दवाखान्यात नेला, तो परत आला नाही.

जमुनाबाई आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. हातात मतदानाचं कार्ड होतं. ते तिनं टेबलावर फेकलं.

"पाहा याच्यावरचा फोटो. माणूस हाय का ढेपीचा तुकडा? अनीसा, तो बकेटवाला काहाड. परवा तेरवी हाय. मी माह्या डोयानं पाह्यला व्हता तुह्या डब्यात."

"आहे माय, आहे," अनीसा म्हणाली आणि तिनं माझं बटण दाबलं.

मित्रांनो, मी जोर लावला. आयुष्यात लावला नव्हता इतका लावला. पंखा फिरला. तीन टिट्. अनीसानं पट्टी घासली. पडद्यावर चिन्ह उमटलं, जमुनाबाई बाकावरून उठली, आणि माझ्या पोटात टक् टक् टक् सुरू झालं. पडदा काळा.

"बंद कर, पुन्हा लाव," शफीभाई म्हणाले. पुन्हा टक् टक्. थापड. पुन्हा. ज्याला धाप लागली आहे त्याला उभं करून पळवतात का हो? पण त्यांना दोष कसा देऊ? समोर ती बाई बसली होती. दर वेळी ती विचारायची, "होते न रे सुरू?" आणि शफीभाई म्हणायचे, "होते माय, होते." दुपार सरली. कुलसुमबीनं दिलेला चहा जमुनाबाईच्या हातात निवून गेला.

दुसऱ्या दिवशी अकोल्याहून हसनैन आला. तो अशा मशीनी दुरुस्त करतो. त्यानं मला उघडलं, नखानं माझी बरगडी खरवडली आणि बोट जिभेला लावलं.

"चाची, मशीनचं लोणचं घातलं का तुम्ही? हे मीठ आहे सारं!"

कुलसुमबीनं आयुष्यात कोणाचं ऐकून घेतलं नव्हतं. त्या दिवशी तिनं घेतलं. ती उठली, कुलरचा प्लग काढला आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

हसनैननं माझी तबकडी बाहेर काढली. फोटो राहतात ती लोखंडी डबी, हातात मावेल एवढी. सोबत आणलेल्या दुसऱ्या मशीनला लावून पाहिली. टक् टक्. त्यानं मान हलवली. "वाचणारी सुई मोडली. वाजत असताना तुम्ही पुन्हा पुन्हा चालवली, त्यात आतली पाटी ओरबाडली. आता मुंबईला न्या नाहीतर कुठं न्या, निघायचं नाही."

पाटी ओरबाडली ती एका कडेला. गोपाल जिथं आहे तिथं ओरखडा नाही. मला माहीत आहे. पण मला विचारतो कोण?

जमुनाबाई आली तेव्हा शफीभाई तिच्या पायाशी बसले. "माय, एक करतो. त्याच्या चुलतभावाचं तोंड पुष्कळ जुळतं. नाक थोडं बारीक करतो, कोट घालतो. कोणाला समजणार नाही."

"मले समजीन न!" ती म्हणाली. "माह्या पोराच्या पाटावर मी दुसऱ्याचं तोंड ठेवू? अन् कोट? त्याच्या सदऱ्याले बटन नव्हतं पुरं, कोट घालते! कुठं हाय तो? कशात हाय ते दाखव."

शफीभाईंनी तबकडी तिच्या हातावर ठेवली.

"एवढ्याशा डब्यात?"

"यातच आहे माय. पण दिसत नाही."

तिनं मला, म्हणजे त्या डबीला, उलटंसुलटं पाहिलं, पदरात बांधलं आणि एसटीकडे चालू लागली. अनीसा मागं धावली. ती गाडीपर्यंत सोबत गेली.

तेरवीला मी पाटावर होतो. मला हार घातला, समोर दिवा लावला. लोक एकमेकांकडे पाहू लागले. एका दिरानं विचारलं, "वहिनी, हे काय ठेवलं वं?"

"माहा पोरगा हाय," जमुनाबाई म्हणाली. "पाया पड अन् पंगतीत बस."

माझं बाकीचं धूड, तो पंखा, तो पडदा, लेसचं कव्हर, सारं भंगारवाल्यानं नेलं. मी म्हणजे आता एवढीच लोखंडी डबी, जमुनाबाईच्या घरातल्या फळीवर.

मित्रांनो, मी उपदेश करायला लायक आहे की नाही, मला माहीत नाही. पण सांगतो. यंत्रावर माया करायची तर आधी त्याला काय सोसतं ते विचारा. ते कण्हत असेल तर बटण दाबत बसू नका, हात मागे घ्या. आणि जो माणूस हसताना सापडला, त्याला त्याच दिवशी कागदावर उतरवून त्याच्या आईच्या हातात द्या. सोयरिकीची वाट पाहू नका. मशीनमध्ये आहे, असं म्हणू नका. मशीनमध्ये असणं म्हणजे काय, ते मी भोगतो आहे. गोपाल माझ्यासमोर सतत हसतो, पळी वर धरून. मी त्याला क्षणभरही बाहेर पाठवू शकत नाही.

जमुनाबाई सकाळी मला पदरानं पुसते आणि बोलत बसते. आधी भांडायची त्याच्याशी, का नाही थांबला म्हणून. आता भांडत नाही. आता विचारते. परवा मला हातात घेऊन कितीतरी वेळ बसली.

"गोप्या, तुह्या गालावर तीळ व्हता न रे? कोन्या गालावर व्हता? डाव्या का उजव्या?"

उजव्या, जमुनाबाई. उजव्या, कानाजवळ. मी माझ्या परीनं ओरडलो.

तिनं स्वतःच्या दोन्ही गालांना बोट लावून पाहिलं. मग तिनं मला फळीवर ठेवलं आणि चुलीकडे वळता वळता स्वतःशीच म्हणाली, "डाव्याच असन."