घरातलं एकमेव न झालेलं गिऱ्हाईक

मलेशियातल्या आमच्या मुआर गावात महानीवहिनीला बघून लोक रस्ता बदलायचे. थोरल्या भावाची ही बायको तकाफुल, म्हणजे इस्लामी विमा, विकायची. सगळ्यांनी मिळून एका निधीत पैसे टाकायचे, कुणी गेला की त्यातून त्याच्या घरच्यांना द्यायचे, व्याजाचा संबंध नाही. लग्नात ती नवरदेवाचं आधी अभिनंदन करायची आणि लगेच विचारायची, तू मेलास तर हिचं काय? नवरदेव सही करून टाकायचा, कारण बिर्याणी गार होत असायची. मी तिचा ड्रायव्हर. पदवी मत्स्यशास्त्राची.

सही करत नव्हता फक्त तिचा नवरा, माझा जलालदादा. तो बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा.

"अहो, न्हावीसुद्धा आला माझ्याकडे. तुम्ही कधी?"

"ईद होऊ दे."

"कुठली?"

"ती तू ठरव."

सुराऊत, म्हणजे वस्तीतल्या छोट्या मशिदीत, बायकांना जमवून वहिनी सांगायची, "साध्या विम्यात व्याज आहे, जुगार आहे. आपण भरलं तेवढंच आपलं. वरचा पैसा मुलांच्या पोटात जाता कामा नये." दादा मागे बसून केळ्याची भजी खायचा.

एका दुपारी इंजिनावर वाकलेला दादा पुन्हा सरळ झालाच नाही. हृदय बंद पडलं. इंजिन मात्र सुरू झालं होतं.

तिसऱ्या दिवशी प्रार्थना संपल्यावर दादाचा शाळेतला मित्र बून हॉक दारातल्या चपलांमध्ये येऊन उभा राहिला. तोही विमाच विकायचा, पण साधा.

"वहिनी, जलालचा विमा आहे माझ्याकडे."

वहिनीने चहाचा ट्रे खाली ठेवला. "माझ्याकडे का नाही काढला?"

"तुम्ही तेव्हा या धंद्यात नव्हतात. माझी नोकरी जाणार होती, एक गिऱ्हाईक कमी पडत होतं. तो म्हणाला, लिही माझं नाव. पुढे तुम्ही भाषणं द्यायला लागलात, मग त्याला सांगायची हिंमत होईना. हप्ता मात्र चुकवला नाही हो."

रक्कम मोठी होती. मुलं दोन, दोघंही लहान. वहिनी म्हणाली, "त्यांनी भरले तेवढेच घेईन. बाकीचे बैतुलमालला, गोरगरिबांच्या धर्मादाय खजिन्यात."

"वहिनी, गरीब घराला ठेवता येतात," मी म्हणालो. "मशिदीतल्या उस्तादांना विचारून आलोय."

"मी गरीब? विक्रीत जिल्ह्यात पहिली आहे मी."

मीच तिला बैतुलमालच्या कचेरीत घेऊन गेलो. कारकुनाने इतका मोठा आकडा पाहून तिला खुर्ची दिली. परतताना पूल लागला. तेव्हा ती म्हणाली, "मला सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं का त्यांना?"

ही गोष्ट गावभर झाली. जिच्या नवऱ्याने तिच्याकडून विमा घेतला नाही, तिच्याकडून आपण का घ्यायचा? जलाल शहाणा माणूस, त्याला काहीतरी ठाऊक असणार! बून हॉककडे रांग लागली. तो बिचारा डोळे पुसत पुसत नावं लिहून घ्यायचा. न्हावी वहिनीला म्हणाला, "ताई, माझंही बंद करा. राग नका मानू, केस मात्र फुकट कापीन."

वहिनीने गाडी विकली. माझी नोकरी गेली. मत्स्यशास्त्रात अजून जागा नव्हत्या.

पुढच्या ईदच्या आधी बैतुलमालचा तोच कारकून गरजू विधवांच्या घरी फिरत आमच्याकडे आला. तांदूळ, तेल, सार्डिन माशांचे डबे. फोटोसाठी मोठा बॅनर धरला.

"जरा हसा, ताई."

वहिनीला ते जमलं नाही. पिशवी मात्र तिने परत केली नाही.

संध्याकाळी तिने सार्डिन मिरची घालून परतले. धाकटीने विचारलं, "हे कुणी दिलं?"

वाढता वाढता वहिनी म्हणाली, "बाबांनी."

"मग इतके दिवस कुठं होतं?"

वहिनीने तिच्या ताटात आणखी एक मासा वाढला आणि कढई घासायला घेतली. कढईत अजून मासे होते.