एकदाच दाबायचं बटण

रविवारी दुपारी मीरा रोडच्या त्या फ्लॅटमध्ये प्रत्येकाला जागा नेमून दिलेली होती. रुचिता आतल्या खोलीत मोठ्या कॉम्प्युटरसमोर. तिची आई शैला बाहेर जेवणाच्या टेबलाशी, लॅपटॉप उघडून. आणि बाबा, बबनराव, सोफ्यावर, टीव्ही बंद करून.

"मॅच नाही, व्हिडिओ नाही," रुचिताने बजावलं. "आज वायफाय फक्त विमानाला."

"माझ्याच घरात मला एअरप्लेन मोड," बबनराव म्हणाले आणि त्यांनी पेपर उघडला.

विमान सिम्युलेटरमधलं होतं, पण रुचिताच्या मते त्यात खोटं फार थोडं होतं. दोन जेट इंजिनं, मागे रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा आणि खऱ्या विमानातल्यासारखंच ऑटोपायलटचं पॅनल, बटणागणिक तसंच वागणारं. भौतिकशास्त्राची पदवी घेताना अभ्यासाच्या नावाखाली तिने या पॅनलवर किती संध्याकाळी घालवल्या होत्या हे आईला ठाऊक होतं. बाबांनाही ठाऊक होतं, पण ते तसं दाखवत नसत.

त्या सगळ्या संध्याकाळी आज कामाला तरी येणार होत्या, नाहीतर वाया तरी जाणार होत्या. अंधेरीतल्या एका लहानशा कंपनीला शिकाऊ वैमानिकांसाठी सिम्युलेटरचे धडे लिहिणारं माणूस हवं होतं. निवडीच्या शेवटच्या फेरीत दोघंच उरले होते, रुचिता आणि आणखी कोणीतरी. परीक्षाही मोठी मजेशीर ठेवली होती. विमानातलं काहीही न कळणारं एक माणूस निवडा, आठवडाभर त्याला शिकवा, मग त्याला शेजारच्या सीटवर बसवून गोवा ते मुंबई घेऊन या. आम्ही नुसते बघू.

"काहीही न कळणारं ना? मग शोधतेस कशाला?" शैलाने पोळ्या लाटता लाटताच हात वर केला होता.

आठवडाभर शैला विमा एजंटच्या ऑफिसातून घरी आली की दोघी खुर्चीला खुर्ची लावून बसत. रुचिताने सुरुवात अगदी मुळापासून केली होती.

"ऑटोपायलट विचार करत नाही, आई. तो फक्त सांगितलेलं ऐकतो. 'हेडिंग' दाबलंस तर नाक एका दिशेला धरून चालत राहील. समुद्र येवो नाहीतर डोंगर, त्याला काय. 'मार्ग' दाबलंस तर आपण भरून दिलेल्या ठिकाणांवरून जाईल."

"ही ठिकाणांची नावं की औषधांची?" स्क्रीनवरची पाच-पाच अक्षरांची बिनअर्थाची नावं वाचत शैला म्हणाली होती.

"आणि हे 'अप्रोच'. धावपट्टीपासून रेडिओचा एक किरण बाहेर फेकलेला असतो. दिसत नाही, पण असतो. हे बटण दाबलं की विमान तो किरण शोधायला लागतं. लगेच काही होत नाही. वरच्या पट्टीत दोन ठिकाणी पांढरी अक्षरं उमटतात, एक किरणासाठी, एक खाली यायच्या उतारासाठी. पांढरं म्हणजे वाट बघतोय. किरण सापडला की तीच अक्षरं हिरवी होतात. हिरवं म्हणजे काम चालू."

"आणि परत दाबलं तर?"

"तर रद्द. म्हणून एकदाच दाबायचं."

"एकदाच," शैलाने मान हलवून मनाशी पक्कं केलं होतं.

शिकवणी फार छान चालली. इतकी की दोघींना बोलावंही लागेना. जिचा हात पॅनलच्या जवळ, ती बटण दाबायची आणि दुसरी ते पाहायची. या घराच्या स्वयंपाकघरातही हेच चालत आलं होतं. कुकरखालचा गॅस कोणी बंद करायचा, दुधाला विरजण कोणी लावायचं, हे कोणी कोणाला सांगत नसे. जिला आठवेल तिने करून टाकायचं. क्वचित घोटाळा व्हायचा. परवाच आमटीत शैलाने मीठ घातलं, मग रुचितानेही घातलं आणि बबनरावांनी पहिल्याच घासाला विचारलं, "भाईंदरच्या मिठागराचा लिलाव झाला का?"

काल कंपनीची मेल आली. त्यात एकच नवी अट होती: दोघींनी वेगवेगळ्या खोल्यांत बसायचं, बोलायचं ते फक्त हेडफोनवर. म्हणून आजची ही मांडणी. दोन्ही कॉम्प्युटर एकाच विमानाला जोडले होते. इकडे बटण दाबलं की तिकडेही दाबलं जायचं.

कंपनीचे ईश्वर सर व्हिडिओ कॉलवर आले, नमस्कार म्हणाले, आणि स्वतःचा माइक बंद करून बसले. दाढीवरून हात फिरवणारा एक चौकोन, एवढंच त्यांचं दर्शन.

गोव्याची धावपट्टी सुटली तेव्हा रुचिता आपोआप मागे रेलली, खुर्ची जागची हललेली नसतानाही. चाकं आत गेली. तिने ऑटोपायलट चालू केला, 'मार्ग' दाबला, आणि विमान स्वतःहून अलगद कलून उत्तरेला वळलं. हे वळण तिने शेकडो वेळा पाहिलं होतं, तरी दर वेळी तिला वाटायचं, गणित आता हवेत उडतंय.

"हिरवं, मार्ग," बाहेरून शैलाचा आवाज आला. थोडा वरच्या पट्टीतला, पण ठाम.

"शाब्बास, आई."

"शाब्बास काय, समुद्र बघ कसा चमकतोय! अहो, इकडे या, रत्नागिरी गेली बहुतेक."

"मला खिडकीची सीट दिलीये का?" बबनराव पेपर टाकून तिच्या मागे येऊन उभे राहिले होते.

ईश्वर सरांच्या चौकोनात हसू दिसल्यासारखं वाटलं. रुचिताने तिकडे पाहायचं टाळलं. वेग, उंची, पुढचं ठिकाण, उरलेलं इंधन, सगळं जिथे असायला हवं तिथेच होतं. उतार कधी सुरू करायचा याचा तिने स्वतः कागदावर हिशेब केला होता. विमानाच्या संगणकाने काढलेला बिंदू तिच्या बिंदूला जवळजवळ चिकटूनच आला, तेव्हा तिला टाळी वाजवावीशी वाटली.

मुंबईला आज ते वायव्येकडून, समुद्रावरून उतरणार होते. म्हणजे शहराच्या पश्चिमेने वर वसईच्या दिशेने जायचं, उजवीकडे वळायचं आणि किनाऱ्याला तिरकं येत तो अदृश्य किरण पकडायचा.

"आपलं घर दिसेल?" शैलाने विचारलं.

"दिसेल, पण डावीकडे. गोराईच्या पॅगोड्याचा सोनेरी घुमट आहे ना, तो डाव्या खिडकीतून मागे जाईल. त्याच्याही पलीकडे आपण."

"म्हणजे घर तुझ्या बाजूला आणि मला नुसता समुद्र. छान."

उजवं वळण पूर्ण झालं. विमान आता हेडिंगवर होतं, किरणाकडे तिरकं चाललेलं. इथून कामं एकदम अंगावर येतात. वेग कमी करायचा, पंखांमागच्या फळ्या, म्हणजे फ्लॅप, टप्प्याटप्प्याने काढायचे, उंची राखायची. रुचिताने 'अप्रोच' दाबलं आणि तिची नजर वेगाच्या काट्याकडे गेली. वेग अजून जास्तच होता.

"फ्लॅप पाच," ती म्हणाली.

"फ्लॅप पाच," शैलाने उत्तर दिलं. फळ्या सरकल्याचा घरघराट झाला. विमान किंचित जड झाल्यासारखं झालं. वेग उतरायला लागला. रुचिताने श्वास सोडला. पुढचं सगळं किरणावर सोपवायचं. आता कुठल्याही क्षणी विमान उजवीकडे कलेल, धावपट्टीशी सरळ होईल आणि...

"रुची," शैला म्हणाली. "तो घुमट डावीकडे जाणार होता ना?"

"हो."

"मग तो आपल्या नाकासमोर काय करतोय?"

रुचिताने मान वर केली. समोरच्या काचेत, उन्हात झगझगत, गोराईचा सोनेरी घुमट अगदी मधोमध उभा होता आणि मोठा होत चालला होता. डाव्या हाताला उत्तनचा किनारा इतका जवळ आला होता की तिथल्या होड्या मोजता याव्यात. विमानाने किरण केव्हाच ओलांडला होता आणि ते शांतपणे, आज्ञाधारकपणे, सरळ चाललं होतं.

तिचा हात आपोआप हेडिंगची दिशा बदलायच्या छोट्या चाकावर गेला. उजवीकडे फिरवायचं, 'अप्रोच' पुन्हा दाबायचं, विमान पलीकडून परत किरणावर आणायचं. जमलं असतं. चौकोनातल्या माणसाला कदाचित कळलंही नसतं.

पण बटण तर दाबलं होतं. तिने स्वतः दाबलं होतं. मग पकडलं का नाही? कारण कळल्याशिवाय पुन्हा तेच केलं, तर पुन्हा तेच होणार नाही कशावरून? कॉलेजच्या प्रयोगशाळेत मीटरवरचा आकडा चुकला की ती आधी तारा तपासायची. उत्तर खोडायला ती कधी घाई करत नसे. चाकावरचा हात तिथेच थांबला.

"आई, वरची पट्टी वाच. मोठ्याने."

"हिरवं, हेडिंग. हिरवं, उंची." शैला थबकली. "पांढरं काहीच नाही गं."

"काहीच नाही?"

"रिकामं आहे. पण मी दाबलं होतं! तू वेगात अडकली होतीस, म्हटलं आपण करून टाकू. एकदाच दाबलं हां, शपथ."

रुचिताला एकदम मोठ्याने हसू आलं.

"मीही एकदाच दाबलं, आई."

बाहेरून आवाज आला तो बबनरावांचा: "आमटी!"

"अहो, गप्प बसा!" शैला ओरडली. "रुची, आता काय?"

"आता उतरायचं नाही. समुद्रावर वळायचं आणि नव्याने यायचं." तिचा आवाज आता स्वच्छ झाला होता. "नीट ऐक. इथून पुढे पॅनलला हात फक्त माझा. दाबताना मी बोलणार. तू दाबायचं नाहीस, तू वाचायचंस. तू वाचल्याशिवाय ते झालं असं मी धरणारच नाही. कळलं?"

"कळलं. तू कर, मी बघते."

"हेडिंग, उजवीकडे, समुद्रावर."

"हिरवं, हेडिंग. वळतंय. घुमट गेला बाई एकदाचा."

मोठा वळसा घेऊन विमान पुन्हा वर, वसईच्या दिशेला आलं. तोच समुद्र, तीच तिरकी वाट, पण यावेळी हेडफोनवर शांतता अशी नव्हतीच. फ्लॅप, वेग, उंची, प्रत्येक गोष्ट एक म्हणत होती आणि दुसरी वाचून परत देत होती. बबनरावांनीही शेवटी खुर्ची ओढली होती आणि ते ओठ मिटून बसले होते.

"अप्रोच, दाबतेय," रुचिता म्हणाली.

"पांढरं आलं! दोन्ही आली. पांढरं, किरण. पांढरं, उतार." मग थोडं थांबून, कुजबुजत, "वाट बघतोय."

वाट बघणं म्हणजे काय ते रुचिताला आज कळलं. घुमट पुन्हा समोर होता. हलत नव्हता. किरण किती दूर आहे ते दाखवणारी सुई कडेला चिकटलेली. तिने डोळे मिचकावले नाहीत. सुई सुटली, मधे सरकू लागली...

"हिरवं!" शैला खुर्चीतून उठलीच असावी, काहीतरी खाली पडलं. "हिरवं, किरण! रुची, कलतंय, कलतंय, अगं घुमट डावीकडे चाललाय!"

"चाललाय!" रुचिताही ओरडली.

घुमट सरकत सरकत डाव्या काचेत गेला. त्याच्या मागे दूरवर उंच इमारतींचा फिका, दाटीवाटीचा पुंजका होता, त्यातल्याच कुठल्या तरी एका ठिपक्यात त्या दोघी बसल्या होत्या. मग उतारही हिरवा झाला, चाकं खाली आली आणि धुरकट हवेतून धावपट्टी वर येऊ लागली. शेवटच्या टप्प्यात रुचिताने ऑटोपायलट काढला. विमान हातात आलं, जिवंत, किंचित थरथरणारं. चाकं टेकली ती जरा जोरातच.

"आईगं," बबनराव कंबर धरून म्हणाले.

विमान थांबलं तेव्हा ईश्वर सरांनी माइक चालू केला. ते आधी रुचिताशी बोललेच नाहीत.

"शैलाताई, ते बटण तुम्ही न सांगता का दाबलंत?"

शैलाने हेडफोन सारखा केला. "आमच्याकडे असंच चालतं हो. जिला आठवतं ती करते. दुसरीला कशाला त्रास द्यायचा?"

"हं." त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "रुचिता, मग चूक कोणाची?"

उत्तर देण्याआधी तिने खरंच शोधून पाहिलं. आई शिकवलं तेच करत होती. तिने स्वतः केलं तेही बरोबरच होतं.

"धड्याची, सर. बटण काय करतं ते मी शिकवलं. ते कोणी दाबायचं आणि झालं हे कोणी म्हणायचं, ते शिकवलंच नाही. शेजारी बसून शिकवलं, म्हणून ते राहून गेलंय हे दिसलंच नाही."

"आणि चाकावर हात नेऊन थांबलात का?"

म्हणजे त्यांना दिसलं होतं. रुचिताचे कान तापले.

"पांढरं का नाही हे माहीत नव्हतं, सर. आधी तेच बघायचं होतं."

ईश्वर सरांनी समोरच्या वहीत काहीतरी लिहिलं.

"दुसऱ्या उमेदवाराचं विमान काल पहिल्याच प्रयत्नात उतरलं," ते म्हणाले. "अगदी सुरेख उतरलं. शेजारचा माणूस पूर्ण वेळ एक शब्द बोलला नाही." मग त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "आज जे घडलं त्यावर एक धडा लिहा. घुमटासकट. सोमवारी घेऊन या."

"सर, मेल करू?"

"मेल कशाला? तुमचं टेबल कुठे ठेवायचं तेही बघायचंय ना."

कॉल संपला. रुचिता धावत बाहेर आली तर शैला खुर्चीतून अर्धी उठलेली, हेडफोनची वायर गळ्यात, आणि बबनराव तिला त्यातून सोडवत होते. कोण कोणाला मिठी मारतंय हे त्या गुंत्यात नीट कळेना.

संध्याकाळी आमटीला उकळी आली तेव्हा शैला ओट्याशी उभी राहून आतल्या खोलीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "मीठ, घालतेय!"

कॉम्प्युटरवर धड्याचं पहिलं वाक्य टाइप करता करता रुचिता उठून आली, पळीतली चव घेतली, आणि तितक्याच मोठ्याने परत दिलं, "मीठ, हिरवं!"